पहिले धुणे डोळ्यांसमोर ठेवून गोधडी कशी शिवावी

गोधडीकाम शिकणारी मंडळी आमच्या दुकानात जे प्रश्न घेऊन येतात, ते वरवर पाहता शिवणीचे वाटतात. पण थोडी चौकशी केली की बहुतेकांचे मूळ सुईत दोरा ओवण्याच्या आधीच सापडते. चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत, मागच्या बाजूला चुण्या पडल्या, लाल रंग पांढऱ्यावर उतरला, रुई एका अंगाला गोळा झाली, या नेहमीच्या तक्रारी आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गोधडी पहिल्यांदा धुतल्यानंतरच्या असतात. गोधडी अंगावर घ्यायची वस्तू आहे, तिच्यात मुले लोळतात, तिच्यावर चहा सांडतो, त्यामुळे ती धुतली जाणारच. कापड निवडण्यापासून कडेला गोटाची पट्टी लावण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय त्या पहिल्या धुण्याचा विचार करून घेतला, तर बाकीचे काम हाताला सवय होईल तसे सुधारत जाते.

त्याआधी जाडीचा निर्णय घ्यावा. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, म्हणून नवशिक्यांना जाडजूड रजईचा मोह होतो. पण अशा रात्री वर्षातून थोड्याच असतात. उलट, मे महिन्यात दिवसा पंचेचाळीस अंश सोसल्यावर रात्रभर कूलर लावला, की पहाटे अंगावर काहीतरी पातळ हवेसे वाटतेच. वर्षभर वापरात राहते ती पातळ गोधडी. ती शिवायला सोपी असते, घरच्या मशीनखाली मावते आणि बादलीत धुता येते. पहिली गोधडी पातळच करावी, असे माझे ठाम मत आहे.

कापड

वरच्या थरासाठी शुद्ध सुती कापड घ्यावे आणि त्यातही पॉपलिन किंवा केंब्रिकसारखे घट्ट विणीचे घ्यावे. नागपुरात गांधीबाग आणि इतवारीच्या बाजारांत ठोक भावाने, तर सीताबर्डीवर कटपीसच्या स्वरूपात असे कापड सहज मिळते. कटपीस घेताना रंगाच्या आधी वीण पाहावी. कापड उजेडासमोर धरल्यावर जाळीसारखे दिसत असेल, तर त्याच्या कडा शिवणीतून निसटतात आणि दोन-चार धुण्यांनंतर तिथे भोक पडते. एकाच गोधडीत मलमल आणि जाड खादी एकमेकांशेजारी लावू नये, कारण दोन्ही सारख्या प्रमाणात आटत नाहीत आणि जाड कापड पातळ कापडाला ओढत राहते. जुन्या साड्या वापरायच्या असतील, तर मऊ झालेली सुती लुगडी उत्तम. मात्र घरात आजीची करवतकाठी टसर साडी असेल, तर तिचे तुकडे रोजच्या गोधडीत घालू नयेत. टसर आणि सूत यांची धुण्याची रीत वेगळी आहे. तो काठ भिंतीवर लावायच्या तुकड्यात किंवा उशीच्या दर्शनी भागावर शोभून दिसतो.

नवे सुती कापड धुतल्याशिवाय कापू नये. त्याला खळ असते, ती निघाली की कापड आटते. साधारणपणे शंभराला तीन ते पाच या प्रमाणात आटणे गृहीत धरावे. हातमागाचे कापड याहून अधिक आटू शकते. धुण्याआधी कापलेल्या कडांना मोठ्या टाक्याची टीप मारून ठेवली, तर धागे सुटून त्यांचा गुंता होत नाही. कापड सावलीत वाळवावे. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गडद कापड दिवसभर राहिले, तर घडीची एक बाजू फिकी पडलेली दिसते.

रंगाची परीक्षा दोन मिनिटांची असते. पांढऱ्या सुती कापडाचा चिंधीएवढा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळावा, रंगीत कापडाच्या कोपऱ्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दहा सेकंद दाबावी आणि उचलून पाहावे. पांढऱ्यावर नुसती ओल दिसली, तर ठीक. गुलाबी किंवा निळसर छटा आली, तर ते कापड पुन्हा धुवावे. लाल, मरून, गडद निळा आणि हाताने छापलेले ठसेकामाचे कापड यांची परीक्षा नेहमीच घ्यावी. मीठ किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात कापड बुडवून ठेवले की रंग पक्का होतो, असा समज फार पसरलेला आहे, आणि दुकानात दर आठवड्याला कोणीतरी तो मला ऐकवतोच. बाजारातल्या छापील सुती कापडाला त्याचा काही उपयोग होत नाही. धाग्याला न चिकटलेला जादा रंग साबणाच्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन काढून टाकणे, हाच खरा उपाय आहे. तीन धुण्यांनंतरही पाणी रंगत असेल, तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी लावू नये.

धुतलेले कापड लुळे होते आणि कापताना सरकते. म्हणून कापण्याआधी त्याला हलकी खळ किंवा बाटलीतला स्टार्च मारून इस्त्री करावी. हे उलटेसुलटे वाटेल, पण गिरणीतली खळ कापडाचे खरे माप लपवते, तर आपण नंतर मारलेली खळ माप धरून ठेवते.

किती कापड लागेल

दुकानात सर्वांत जास्त वेळ जातो तो या हिशेबात, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडतो. एका माणसासाठी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब गोधडी करायची आहे आणि तिचा वरचा थर पाच-पाच इंचांच्या चौकोनांचा आहे, असे धरू. रुंदीत १२ आणि लांबीत १८, म्हणजे २१६ चौकोन झाले. प्रत्येक चौकोनाला चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, धरून तो साडेपाच इंचांचा कापावा लागेल. ४४ इंच पन्ह्याचे कापड धुतल्यावर आणि किनारी काढल्यावर सुमारे ४२ इंच उरते. त्यात साडेपाच इंचांचे ७ चौकोन बसतात. २१६ चौकोनांसाठी ३१ पट्ट्या, म्हणजे साधारण १७० इंच लांबी, म्हणजे सव्वाचार मीटरांहून थोडे अधिक. आटणे आणि चुका धरून सगळ्या रंगांचे मिळून पाच मीटर कापड घ्यावे.

अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे असावे, म्हणजे ते ६८ गुणिले ९८ इंच हवे. ४४ इंच पन्ह्यात त्यासाठी ९८ इंचांच्या दोन लांबी, म्हणजे सुमारे पाच मीटर, जोडाव्या लागतात आणि आटणे धरून साडेपाच मीटर नवे कापड घ्यावे लागते. साडीची लांबीही ब्लाउजपीस सोडून साधारण साडेपाच मीटरच असते, त्यामुळे आधीच आटलेल्या एका जुन्या सुती साडीत पूर्ण अस्तर निघते आणि पदराकडचा अर्धा मीटर उरतो. ५८ इंच पन्ह्याचे कापड असेल, तर ते आडवे लावावे. ६८ इंचांचे दोन तुकडे जोडले की काम भागते आणि पावणेचार मीटर पुरते. अस्तरासाठी मांजरपाट स्वस्त मिळतो आणि टिकाऊही असतो, पण तो नवा असताना हाताच्या सुईला कडक लागतो. दोनदा धुऊनच वापरावा. दाट विणीची पलंगपोसाची चादर अस्तराला लावू नये. तिच्यातून हाताची सुई निघता निघत नाही.

दोन सुतांची माया

कापड कापण्याआधी धागा सरळ करून घ्यावा. किनारीला समांतर जाणारा उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो, आडवा थोडा अधिक आणि उरेब, म्हणजे तिरका, तर रबरासारखा. चौकोनाच्या कडा उभ्या-आडव्या धाग्यावरच याव्यात. रोटरी कटर (फिरत्या चाकाची सुरी), कापण्याची चटई आणि सहा गुणिले चोवीस इंचांची पारदर्शक पट्टी असेल, तर चार थर एकदम कापता येतात. कात्रीने कापायचे असेल, तर पुठ्ठ्याचा एक नमुना करून प्रत्येक तुकडा त्यावरूनच आखावा. आधीच्या तुकड्यावरून पुढचा आखला, तर खडूच्या रेघेची जाडी दर वेळी वाढत जाते.

शिवणीची माया सगळीकडे पाव इंच, म्हणजे दोन सूत ठेवावी. कपडे शिवणाऱ्यांना एवढी कमी माया जिवावर येते, कारण ब्लाउज पुढे उसवून सैल करायचा असतो. गोधडीला ते दिवस येत नाहीत. महत्त्व आहे ते सारखेपणाला. वरच्या उदाहरणात रुंदीत १२ चौकोन आहेत, म्हणजे ११ शिवणी. प्रत्येक तुकड्याकडून अर्धा सूत जास्त गेला, तर एका शिवणीत एक सूत जातो आणि संपूर्ण रुंदीत अकरा सूत, म्हणजे जवळजवळ दीड इंच. शेजारच्या ओळीत तेवढाच गेला नाही, की दोन्ही ओळी एकमेकींना जुळत नाहीत आणि मग ओढून-ताणून जुळवलेल्या त्या जागी पहिल्या धुण्यानंतर फुगा दिसतो.

आपली शिवण बरोबर येते की नाही, हे पाहायचे सोपे साधन असे: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त घेतली जाते, जास्त भरली तर कमी. घराघरात असलेल्या काळ्या सरळ टिपेच्या मशीनचा पाय अरुंद असतो, त्याच्या कडेवर भरवसा ठेवू नये. सुईच्या टोकापासून बरोबर पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे तीन-चार थर लावावेत आणि कापडाची कड त्याला टेकवून चालवावी. सुई अकरा किंवा चौदा क्रमांकाची घ्यावी आणि टाका इंचाला दहा-बारा येईल असा ठेवावा.

जोडलेली शिवण इस्त्रीने दाबावी, घासू नये; घासल्याने चौकोन तिरका होतो. माया गडद कापडाकडे वळवावी. पहिल्या ओळीतल्या माया उजवीकडे आणि दुसरीतल्या डावीकडे वळवल्या, तर दोन ओळी जोडताना त्या एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरे टाचणीशिवायही जुळतात.

त्रिकोणांचा मोह पडला, तर त्रिकोण कापून जोडू नयेत, कारण त्यांची लांब बाजू उरेब असते. पाच इंचांच्या तयार चौकोनासाठी सहा इंचांचे दोन रंगांचे चौकोन सुलट बाजू आत ठेवून जोडावेत, कर्णाची रेघ आखावी, तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन सुतांवर टीप मारावी आणि मग रेघेवर कापावे. दोन चौकोन तयार होतात. ते साडेपाच इंचांना छाटून घ्यावेत.

मधला थर

कापूस पिकवणाऱ्या मुलखात आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झालेल्या शहरात राहून विकतचे वॅडिंग, म्हणजे भरावाचा तयार थर, कशाला घ्यायचे, असा प्रश्न अनेक ज्येष्ठ महिला विचारतात. रुई घालायला हरकत नाही, पण तिचे वागणे समजून घ्यावे. पिंजलेली रुई म्हणजे सुटे तंतू. त्यांना एकमेकांशी बांधणारे काही नसते. म्हणूनच रजई भरणारे जाड दोऱ्याने जवळजवळ टाके घालतात आणि रजई पाण्यात घालू नये असे बजावतात. सुट्या रुईची गोधडी धुतली, की रुई पाणी पिऊन जड होते, टाक्यांमधल्या मोकळ्या जागेत घसरते आणि वाळल्यावर गाठी होतात. धुवायच्या गोधडीत सुटी रुई घालू नये, असेच मी सांगतो.

सुईने ठोकून घट्ट केलेले सुती वॅडिंग यासाठी चांगले, कारण त्यातले तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. ते मिळाले नाही, तर पॉलिस्टरचे पातळ वॅडिंग चालते. चौरस मीटरला शंभर ते दीडशे ग्रॅमचे घ्यावे. पॉलिस्टर हलके आणि लवकर वाळणारे असते, पण उन्हाळ्यात त्याचा उबारा होतो आणि गरम इस्त्रीने ते चपटते. तिसरा पर्याय मला स्वतःला सर्वांत आवडतो: जुनी, आटून झालेली सोलापुरी चादर किंवा फलालीन. ती आता अधिक आटणार नाही, घसरणार नाही आणि तिची जाडी नागपूरच्या हवेला पुरेशी असते.

थर लावण्यासाठी मोठी, मोकळी फरशी हवी. अस्तर उलटी बाजू वर करून पसरावे, कडा चिकटपट्टीने फरशीला लावाव्यात. कापड ताठ हवे, पण ताणलेले नको. ताणून चिकटवले तर पट्टी काढताच ते आखडते आणि मागे चुण्या पडतात. त्यावर वॅडिंग, त्यावर वरचा थर. मग मधून बाहेर जात, तळहाताच्या रुंदीइतक्या अंतरावर सेफ्टी पिना लावाव्यात किंवा लांब कच्चे टाके घालावेत. आमच्याकडे येणाऱ्या, नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंनी जन्मभर लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या आहेत. कॉलेजातल्या एका मुलीने थर अंथरून लगेच पिना लावायला घेतल्या, तेव्हा काकूंनी तिचा हात धरला. ‘काहून घाई करून राहिली वं माय? आधी कपडा बसू दे.’ मग त्यांनी तळहात उपडा ठेवून मधून कडेकडे, दर वेळी थोड्या वेगळ्या दिशेने फिरवला, आणि कुठेही दिसत नसलेली हवा कोपऱ्यातून निघून अस्तराची कड बोटभर पुढे सरकली. ती बोटभर सरकलेली कड म्हणजेच नंतर मागच्या बाजूला दिसली असती ती चुणी.

टाके

हातटाक्यांची दिशा थरांवर अवलंबून असते आणि इथे दोन पद्धतींची गल्लत होते. जुन्या पद्धतीत लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, कच्चे टाके घालून, धावदोरा कडेपासून सुरू करतात आणि चौकोनी फेरे घेत मध्याकडे येतात. ते जमते, कारण सगळे थर एकाच जातीचे, मऊ आणि सपाट असतात. मध्ये फुगीर वॅडिंग असेल, तेव्हा तसे केल्यास कडेकडून लोटलेला फुगवटा मध्यभागी अडकतो. वॅडिंगच्या गोधडीत टाके मधून सुरू करून बाहेर न्यावेत.

हातासाठी आखूड, बारीक सुई घ्यावी; लांब सुईने टाका आपोआप मोठा होतो. दोरा हातभर, म्हणजे अठरा इंचांच्या आसपास ठेवावा आणि मेणावरून एकदा ओढून घ्यावा. लांब दोरा वेळ वाचवतो असे वाटते, पण पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन तो झिजतो आणि पुढे धुताना तिथेच तुटतो. गाठ वरच्या थरातून हलका झटका देऊन आत ओढावी, म्हणजे ती वॅडिंगमध्ये लपते. मधल्या बोटाला अंगुस्तान घालावे. पहिले काही दिवस ते अडगळ वाटते, नंतर त्याशिवाय सुई धरवत नाही. इंचाला पाच-सहा टाके आले तरी पुष्कळ झाले, ते फक्त सारखे असावेत, आणि मागच्या बाजूलाही दिसले पाहिजेत. दर चार-पाच टाक्यांनी खालचा हात अस्तरावरून फिरवून पाहावा.

मशीनवर क्विल्टिंग, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवण्याचे काम, करताना अडचण वेगळी असते. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि पाय वरचा थर दाबून धरतो, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात. वॉकिंग फूट नावाचा खास पाय लावल्यास वरचा थरही बरोबरीने चालतो. तो नसेल, तर पायाचा दाब कमी करावा, टाका इंचाला आठ-नऊ येईल इतका मोठा करावा आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने माराव्यात. एक ओळ वरून खाली आणि पुढची खालून वर मारली, की मधल्या पट्टीत तिरक्या सुरकुत्या उमटतात. दोरा तुटत असेल, तर ताण सैल करण्याआधी सुई बदलावी. दोन ओळींतले अंतर किती ठेवावे, हे वॅडिंगच्या वेष्टनावर लिहिलेले असल्यास ते पाळावे. नसल्यास चार इंचांपेक्षा मोठी मोकळी जागा ठेवू नये.

गोट

गोटावर शिवणाऱ्यांचा उत्साह संपलेला असतो, आणि गोधडी सर्वांत आधी झिजते तीही तिथेच. अडीच इंचांच्या पट्ट्या कापून तिरक्या जोडाव्यात, म्हणजे जोडाची जाडी एका जागी साचत नाही. आपल्या उदाहरणात घेर ३०० इंच आहे. कोपरे आणि शेवटचा जोड धरून ३१२ इंच पट्टी हवी, म्हणजे ४२ इंचांच्या आठ पट्ट्या. अर्धा मीटर थोडक्यात कमी पडतो, पाऊण मीटर घ्यावा. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करावी, वरच्या बाजूने पाव इंचावर टीप मारावी, मागे वळवून हाताने तुरपाई करावी. कोपऱ्याला टीप पाव इंच आधी थांबवून पट्टी आधी सरळ वर आणि मग खाली दुमडली, की कोपरा टोकदार बसतो. सरळ कडेला उरेब पट्टीची गरज नाही. कडा गोल असतील तरच ती कापावी. गोटाचे कापड वरच्या थराइतकेच जाड आणि शक्यतो गडद असावे.

पहिले धुणे

तयार गोधडी वापरायला देण्याआधी घरीच एकदा धुवावी. साध्या थंड पाण्यात, सौम्य साबणाने, इतर कपड्यांपासून वेगळी. भिजवून ठेवू नये, कारण उतरलेला रंग साचलेल्या पाण्यातूनच दुसऱ्या तुकड्यावर बसतो. रंग दिसताच पाणी बदलावे आणि गोधडी वाळू न देता पुन्हा धुवावी, वाळलेला डाग निघणे कठीण होते. पिळू नये. दोरीवर एका घडीने टाकली, तर ओल्या वजनाने मधले टाके ताणले जातात. खाटेवर किंवा दोन समांतर दोऱ्यांवर उलटी पसरावी. वाळल्यावर प्रत्येक ओळीवरून बोट फिरवून सुटलेला टाका शोधावा आणि त्याच दिवशी दुरुस्त करावा. धुण्याचे हे काम पावसाळ्याआधी उरकावे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये जाड गोधडी आतून दोन दिवस ओली राहते आणि तिला कुबट वास लागतो. पेटीत ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या धोतरात गुंडाळावी आणि दोन-तीन महिन्यांनी काढून वेगळ्या रेषेवर घडी घालावी. त्याच घडीवर वर्षभर राहिलेले कापड तिथेच विरते.